मागचं डावं दार

गाडीचा बिघाड तारेत असतो, भुतात नसतो, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. ओतूरला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. कुणी येऊन म्हणतं, रामदासभाऊ, हॉर्न आपोआप वाजतो, गाडीला नजर लागली. मी बॉनेट उघडतो, उंदरानं कुरतडलेली वायर त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, ही घ्या तुमची नजर. एवढी माझी मिजास होती. होती म्हणतोय, ते ध्यानात ठेवा.

मागच्या डिसेंबरात बोरी बुद्रुकहून हनुमंतचा फोन आला. कांदा आणि ऊस करणारा माणूस, वाडवडिलांची मेंढरं होती त्यातली दहा-बारा अजून दारात आहेत. त्याच्या गाडीची बॅटरी रोज रात्रीत उतरायची. दिवस मावळला की आतला दिवा आपोआप लागायचा आणि समोर खूण यायची, मागचं डावं दार उघडं आहे म्हणून. दार मात्र घट्ट लावलेलं.

"दाराचा स्विच गेला असंल," मी म्हणालो.

"तेवढंच असू द्या, भाऊ," तो म्हणाला. "महिना झाला, मला झोप न्हाई."

चार वाजता मी माझी जुनी व्हॅन घेऊन पोचलो. घर वस्तीपासून लांब, तिन्ही बाजूंनी ऊस. बायको निर्मला लेकीला घेऊन माहेरी मंचरला गेलेली. कधी येणार, विचारलं तर तो मेंढरांकडं वळला. ओट्यावर एकच ताट, एकच तांब्या पालथा घातलेला. मी स्वतः सडाफटिंग माणूस, दुकानामागच्या खोलीत राहतो. तसलं एकटं ताट मी लगेच ओळखतो.

व्हॅनच्या बॅटरीवरून त्याच्या गाडीला करंट दिला आणि कामाला लागलो. दाराचा स्विच म्हणजे चौकटीतलं एक बटण. दार लागलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो. दार उघडलं की बटण सुटतं, तार गाडीच्या पत्र्याला जोडली जाते आणि दिवा लागतो. बास, एवढंच शास्त्र. बटण काढून मीटर लावला तर ते अगदी ठणठणीत. मग तार कुठं सोलली असेल म्हणून सीटखालचं सगळं उचकटलं आणि बोटांनी चाचपत पुढपर्यंत गेलो. कुठं काही नाही. दाराला बाहेरून अगदी खालच्या अंगाला रंग खरवडलेला होता. उसाची धाटं घासली असतील, असं म्हणून सोडून दिलं.

या कामाला खरं तर दोघं लागतात. एकानं आत बसून दिव्याकडं बघायचं, दुसऱ्यानं बाहेरून दार उघडायचं, लावायचं. मी हनुमंतला हाक मारली. तो ओट्यावरून उठलाच नाही.

"त्या दाराला हात लावायला मला सांगू नका," तो म्हणाला.

मला हसू आलं. शेवटी मी स्विचच काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि तारेच्या टोकाला टेप गुंडाळली. आता त्या दारामुळं दिवा लागणं शक्यच नव्हतं. तसं त्याला सांगितलं. त्यानं आभाळाकडं पाहिलं.

"सहा वाजत आलं. आता निघा तुमी."

"ज्या टायमाला लागतो त्या टायमाला लागत न्हाई, हे डोळ्यानं बघितल्याबिगर मी हत्यारं गोळा करत नसतो," मी म्हणालो.

 त्यानं मेंढरं वाघुरीच्या जाळीत कोंडली, घरात गेला आणि आतून कडी लावली. पाहुण्याला बाहेर ठेवून कडी! मला रागच आला.

मी त्याच्या गाडीत पुढं बसलो आणि चारी दारं लावून काचा वर केल्या. आमच्याकडं बिबट्याचं काय चालतं, तुम्हाला ठाऊक असेल. दिवस मावळला की उसाकडेनं माणूस एकटा असला तरी मोठ्यानं बोलत चालतो, नाहीतर मोबाइलवर गाणी लावतो. गाडीत असला आणि बाहेर काही खसपसलं की एक हात लॉकवर, दुसरा हॉर्नवर. कुणी शिकवावं लागत नाही.

अंधार उतरत गेला. मागच्या सीटवर काळं घोंगडं घडी करून ठेवलेलं होतं, त्याचा लोकरीचा आणि मिसरीचा वास काचा बंद केल्यावर दाटून आला. उसाची सळसळ एकाएकी थांबली.

आणि दिवा लागला.

मी खिसा चाचपला. स्विच खिशातच होता. समोर खूण आली होती... मागचं डावं दार. दिवा विझला, पुन्हा लागला. कुणी दार जरासं ओढून बघावं आणि सोडून द्यावं, तसा. मग बाहेरून, अगदी खालून, पत्र्यावर आवाज आला. खर्र... थांबून पुन्हा खर्र...

त्या क्षणी मी काही विचार केला असेल तर शपथ. खटकन लॉक दाबलं आणि दुसऱ्या हातानं हॉर्न धरून ठेवला. किती वेळ, कुणास ठाऊक. हाताला कळा लागल्या तेव्हा सोडला. दिवा विझलेला होता. बाहेर काहीच नव्हतं. जाळीतली मेंढरं निवांत रवंथ करत होती. बिबट्या आला असता तर त्यांनी आकांत केला असता, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

उजव्या दारानं उतरून मी पळतच ओटा गाठला. हनुमंतनं कडी काढली.

"लॉक दाबलं?" त्यानं हळूच विचारलं.

"व्हय."

"हॉर्न वाजिवला. ऐकला मी."

तो खालीच बसला.  मग जमिनीकडं बघत सांगायला लागला.

"आईला घेऊन वझरच्या गनपतीला गेलतो. चतुर्थी व्हती. येताना हितंच, खालच्या वळणावर म्हातारी म्हनली, गाडी थांबिव, मला जाऊन यायचंय. गेली मागं बांधाच्या कडंला. मी गाडीत. अंधार पडलेला. आन् दाराला खालून खर्र झालं... मला वाटलं, आलं जनावर. आई लांब हाय, हॉर्न वाजिवला म्हंजे ती तिथंच थांबंल, जनावरबी पळंल. लॉक दाबलं. पाच-सात मिंटं वाजिवत बसलो, राव." त्यानं तोंडावर हात धरला. "हॉर्न सोडून उतरलो, तवर ती गेलती. जनावर नव्हतंच. तिच्या छातीत कळ आलती. दारापतुर आली आन् खाली पडली. हातातल्या चांदीच्या कड्यानं दार खरवडत व्हती... हाकबी मारली असंल. हॉर्नात मला कसं ऐकू येनार?"

 मघाशी दुपारी मी याला मनात हसलो होतो.

"रोज येती," तो म्हणाला. "रोज ठरवतो, आज जाऊन दार उघडायचं. धीर व्हत न्हाई. मला वाटलं, स्विच खराब निघाला तर बरं व्हईल." मग त्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, जरासं हायसं वाटल्यासारखं होतं. "तुमालाबी न्हाई उघडता आलं."

स्विच पुन्हा बसवून द्यायला मी थांबलो नाही.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. दिवा लागायचा थांबला होता. बॅटरी उतरत नव्हती.

"झालं की मग काम," मी म्हणालो.

"झालं," तो म्हणाला.  "पर आता सांजच्याला कुनीच येत न्हाई, भाऊ. लई सुनं वाटतंय. काल मी दार उघडं टाकून, मागच्या सीटवर तिचं घोंगडं हातरून बसलो व्हतो... न्हाई आली."

मी फोन ठेवला. त्याला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

माझ्या व्हॅनच्या मागच्या दारांना स्विच नाहीत. मीच कधीकाळी काढून टाकले, तारासुद्धा. त्याच्याकडून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस मावळताना व्हॅनमधला दिवा लागतो. मी कुठंही असलो तरी. मिसरीचा वास येतो. मग डाव्या दाराला, खाली, खर्र... मीही रोज ठरवतो, आज उघडायचं. म्हातारी आहे, घरी जायचंय तिला, बाकी काही नको असेल. आणि रोज आवाज आला की माझा हात मागं जातो आणि लॉकची खुंटी दाबतो. त्या हाताची मला लाज वाटते. पण तो ऐकत नाही.

इतके दिवस आवाज खालूनच यायचा. काल तो हँडलपाशी आला.