समर्थच्या टाळूवरचा वास

हे वाचून कुणी म्हणेल, बाळंतपणानंतर बायकांना असे भास होतात. म्हणा. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडली आहे आणि त्या घरात मी दोन दिवस राहून आले आहे. खोटंच लिहायचं असतं, तर शेवट तरी नीट लिहिला असता.

पुणतांब्याच्या बाहेर, पेरूच्या बागेत त्यांची वस्ती आहे. मागच्या वर्षीचा चैत्र. मंगळवार. वेळ दुपारची, सव्वादोनची.

दीपानं धुणं वाळत घातलं, पदराला हात पुसले आणि झोळीतल्या समर्थला उचललं. पाच महिन्यांचं पोर. सवयीनं तिनं त्याच्या टाळूला ओठ लावले...

आणि ती थबकली.

टाळूला सेंटचा वास येत होता.

ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे, त्यांना हे सांगायला नको. पाहुणी येते, बाळाला छातीशी धरते, गालाला गाल लावते आणि जाते. तिचा वास मात्र तासभर बाळाच्या डोक्यावर राहतो. दीपाला त्यावरून कळायचं, आज बाळाला कुणी घेतलं होतं. मोगऱ्याचं अत्तर म्हणजे शेजारच्या लंकाबाई. गुलाबाचा रोल-ऑन म्हणजे अंगणवाडीच्या मॅडम. कॉलेजात असल्यापासून तिचं नाकच तसं. हॉस्टेलवर लाईट गेली तरी कोण पोरगी जिन्यावरून गेली, ते ती सांगायची. गोड, बायकी सेंट तिला फार आवडायचे. प्रत्येक वासात तिला एक बाई दिसायची.

हा वास ओळखीचा नव्हता.

आधी नुसता गोड. जत्रेत काडीवर मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांसारखा. मग पिकलेल्या फळाचा. आणि सगळ्यात शेवटी, उशिरानं, ओल्या अंगावर लावलेल्या पावडरचा... नुकतीच न्हाऊन, नटून कुणी बाहेर निघालंय असा. दीपाच्या डोळ्यांपुढे एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उभी राहिली.

चेहरा मात्र दिसेना.

"आई, कुणी आलं होतं का?"

सासूबाई, छबूबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोन येतंय एवढ्या उन्हाचं? कुत्रंसुदीक फिरकलं न्हाई."

"समर्थला सेंटचा वास येतोय."

"तुझ्या नाकाला पोलिसात भरती करायला पायजे बाई!" छबूबाई हसल्या.

पण त्यांचे हात थांबले होते.

बुधवारी तसंच. गुरुवारीही तसंच.

शुक्रवारी दीपानं खोलीला आतून कडी घातली. खिडकी लावून घेतली. झोळीत समर्थ झोपला होता. ती समोरच्या भिंतीला टेकून बसली. डोळा लागू नये म्हणून मोबाईल हातात धरला.

पंखा फिरत होता. बागेत पोपटांचा नुसता कालवा चालला होता.

दोन वाजून दहा मिनिटं झाली...

पोपट गप्प झाले. सगळे. एकदम.

मग झोळी हलली.

बाळानं पाय झाडले की झोळी वेडीवाकडी हलते. ही तशी हलत नव्हती. एका लयीत, शांतपणे... कुणीतरी दोरीला हात लावून झोका देत असावं तशी.

आणि तो वास आला. आधी गोड.

दीपाला उठायचं होतं. पाय उचलेनात.

समर्थच्या पायातले वाळे वाजले.

झोळीतून नाही.

पलीकडच्या कोपऱ्यातून.

दीपानं कसंबसं अंग पुढे लोटलं आणि झोळी फाकली...

रिकामी होती. तरी हलत होती.

कोपऱ्यात, घडी घातलेल्या गोधडीवर समर्थ उताणा पडला होता. वर कुठेतरी बघत हसत होता. त्याची उजवी मूठ हवेत उचललेली होती, घट्ट मिटलेली. बाळं मोठ्या माणसाचं बोट धरतात ना, तशी.

त्या मुठीत काहीच नव्हतं.

दीपाची किंकाळी ऐकून बागेतून तिचा नवरा रविराज धावत आला. तिनं बाळाला उराशी घेऊन कडी काढली. तो उंबऱ्यातच थांबला. त्यानं एकदा श्वास घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"हा वास..." तो कोपऱ्याकडे बघत म्हणाला. "हा राजीचा हाय."

राजी म्हणजे राजनंदिनी, त्याची धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली, एकोणिसाव्या वर्षी. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. दीपानं फक्त फोटो पाहिला होता.

छबूबाई दारात उभ्या होत्या. पदर तोंडावर धरून त्या म्हणाल्या, "मीच बोलावलं तिला."

बारशाला. ते उशिरा, आधल्या रविवारीच झालं होतं.

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. सख्खी आत्या नाही, म्हणून लंकाबाईंनी नाव ठेवलं होतं. पण पाळण्याशेजारी हळदीकुंकू वाहिलेला एक रिकामा पाट होता. दीपाला वाटलं होतं, देवाचा असेल.

"म्हनलं, राजी, तुझ्या भाच्याचं बारसं हाय, यिऊन जा बाई. न्हाई ऱ्हावलं मला."

"आन आत्याच्या मानाची साडी?" रविराजनं विचारलं.

"ती लंकाबाईला दिली. पाटावर कायच न्हाई ठिवलं..."

"आई! आत्याला बोलावणं धाडलं आन मान न देता बसवून ठिवली? ती जाईल कशी?"

समर्थ त्या कोपऱ्याकडे बघून हुंकारत होता.

शनिवारी सकाळी त्यांनी तोच पाट मांडला. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ. छबूबाईंनी रडत रडत हात जोडले. "घे माय तुझा मान आन सुखानं जा. लेकराला हात लावू नगस."

त्या दुपारी दीपानं दहादा समर्थची टाळू हुंगली. दुधाचा वास. तेलाचा वास. बाकी काही नाही. तिला हुंदकाच फुटला, सुटले म्हणून.

मग सव्वादोन वाजले.

समर्थ रडायला लागला.

चार दिवस तो रडला. दूध तोंडात धरेना. दीपानं जवळ घेतलं की तोंड फिरवायचा, तिच्या खांद्यावरून कोपऱ्याकडे बघायचा आणि दोन्ही हात पसरायचा. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, कान ठीक, पोट ठीक. पण वजन उतरलं होतं, ओठ सुकले होते. उद्यापर्यंत प्यायला नाही तर ॲडमिट करू, म्हणाले.

त्या संध्याकाळी छबूबाईंनी ट्रंकेतून एक गुलाबी बाटली काढली. बोटाएवढी. नऊ वर्षांची, तरी निम्मी भरलेली.

"एवढंच ठिवलंय तिचं."

"मी नाही लावणार," दीपा म्हणाली.

"नगं लावू. मग ऐक त्याचं रडनं."

पण आता रडणं ऐकू येतच नव्हतं. समर्थचं तोंड उघडं होतं, आवाज निघत नव्हता.

दीपानं बाटली उघडली. दोन थेंब गळ्याला लावले.

समर्थनं मान वळवली. डोळे मोठे केले. मग तिला असा बिलगला, की जन्मल्यापासून कधी बिलगला नव्हता. घटाघटा प्यायला. पदर मुठीत धरून झोपला.

आता तो चालतो. अंगानं चांगला भरलाय. दीपा रोज अंघोळ झाली की ते दोन थेंब लावते; बाटली अजून निम्मीच आहे. एकदा मुद्दाम लावले नव्हते. तेव्हा परकी बाई पाहिल्यासारखा तो ओरडला आणि खाटेखाली जाऊन बसला.

हे सगळं तिनं मला गेल्या महिन्यात सांगितलं. मी माझ्या चार महिन्यांच्या लेकीला घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशीची दुपार होती. समर्थ दीपाच्या मांडीवर होता आणि खोलीभर तो वास होता. गोड. मलाही तो आवडला, हे कबूल करते.

ओसरीवरून छबूबाईंनी हाक मारली, "राजी, पोरगं झोपलं का गं?"

"झोपलं, आई," दीपा म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. काही वेगळं घडलंय, असं तिच्या गावीही नव्हतं. तिनं समर्थला अलगद खाली ठेवलं आणि हसून माझ्या लेकीसाठी हात पुढे केले.

"दे गं इकडे. मी आत्याच की तिची."

दीपा माझी मावसबहीण आहे. माझ्या मुलीची ती मावशी लागते.

मी लेकीला दिलं नाही. छातीशी आवळून तशीच उन्हात बाहेर पडले आणि रस्त्याला लागेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.