बिनविरजणाची वाटी

सकाळी सहा वाजता, गुरूच्या वाटेवर असलेल्या ‘अनुराधा’ यानात दही लागले. जीवशास्त्रज्ञ नंदिनी खरातने उबकपाटातली वाटी तिरकी करून पाहिली. दूध हलले नाही. ती वाटी घेऊन तडक नवऱ्याकडे, भास्करकडे गेली.

यानातले जंतुहर दिवे हवेतला प्रत्येक सूक्ष्मजीव मारत. त्यात मागच्या आजारपणातल्या औषधांनी भास्करच्या आतड्यातले उपयोगी जीवाणूही संपवले आणि ते परत यायला वाटच उरली नाही. खाल्लेले अंगी लागेना. माणूस नुसता हाडांवर आला होता. पृथ्वीवरून आणलेल्या सुक्या विरजणात अजून जीव असेल, एवढीच आशा होती.

“पुन्हा प्रयोग?” भास्करने डोळे न उघडताच विचारले.

“दही आहे. खा मुकाट्याने.”

“साखर?”

“नखरे कमी कर.”

त्याने वाटी चाटूनपुसून संपवली.

तेवढ्यात यानाचे डॉक्टर मुजावर आले. “अभिनंदन, खरातबाई! पण कपाटात ती बिनविरजणाची वाटी कशाला? विरजण घालायला विसरलात?”

नंदिनी हसली. “तुलनेला. दूध तेच, ऊब तीच, फक्त विरजण नाही. त्यातलं दूध दूधच राहिलं, तरच दही विरजणाने लागलं म्हणायचं.”

“मग, राहिलं?”

तिचे हसू विरले. तिने पाहिलेच नव्हते. आधी तुलनेची वाटी बघा, मग आनंद करा, असे ती विद्यार्थ्यांना किती वर्षे बजावत आली होती.

ती परत गेली. दुसरी वाटी तिरकी केली. तिच्यातलेही दूध हलले नाही.

“म्हणजे आपोआप लागलं?” मागून आलेल्या मुजावरांनी विचारले.

“आपोआप काही लागत नाही, डॉक्टर. दिव्यांना न जुमानणारं काहीतरी या यानात जगतंय. ते भास्करच्या वाटीतही असणार.”

“घातक?”

“माहीत नाही. विरजण जिवंत होतं का, तेही आता सांगता येत नाही.” तिने वाटी खाली ठेवली. “तिरकी करून बघायला कितीसा वेळ लागला असता हो?”

“भास्करला उलटी करवू या?”

“सोसेल त्याला?”

मुजावरांनी मान हलवली. नाही.

दुपारपर्यंत दोन्ही वाट्यांतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाले. दोन्हींत एकाच जातीचे जीवाणू होते. यानातल्या कुठल्याच नोंदीशी ते जुळले नाहीत. पृथ्वीला संदेश गेला. उत्तर आलेले नव्हते.

दोन वाजता भास्करला ताप होता. त्याला कित्येक दिवसांनी भूकही लागली होती. तो आणखी दही मागत होता.