फळ्यावरचा मोगरा

जामसांवलीच्या रस्त्यावर विजेचं एक लहानसं सबस्टेशन होतं आणि त्याच्या दाराआड एक फळा. तुम्ही म्हणाल, फळ्यात काय सांगण्यासारखं? ऐका तर खरं.

लाईनमन खांबावर चढायचा, तेव्हा ऑपरेटर गुणवंता त्या बाजूची लाईन बंद करी. काम आटोपून खाली उतरला की लाईनमन जवळच्या संत्र्याच्या बगीच्यातून फोन करी आणि त्या दिवसाचा फळ्यावर लिहिलेला शब्द सांगे. शब्द जुळला तरच खटका वर. हा शिरस्ता जुने ऑपरेटर भैय्याजी यांचा. गुणवंताला त्यांनीच पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं. "शब्द रोज बदलवत जाय बाप्पा," ते म्हणायचे, "शिळा शब्द साऱ्या गावाले ठाऊक होते."

चौऱ्याऐंशीच्या पोळ्याला भैय्याजी गेले. फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात शेवटचा शब्द राहिला, 'मोगरा'. तो पुसायला गुणवंताचा हातच होईना. काय करता, जीव होता त्याचा त्या माणसावर! सहा महिने तोच शब्द चालला.

फाल्गुनातली दुपार होती. खांबावर चढला होता कवडू, गुणवंताचा साळा, त्याच्या बायकोचा, वच्छलाचा, एकुलता एक भाऊ. खोलीत ट्रान्सफॉर्मरची घुमघुम तेवढी ऐकू येत होती. फोन खणखणला.

"मोगरा... करा चालू."

आवाज घोगरा होता. गुणवंताचा हात सवयीनं खटक्याकडे गेला, आणि तेवढ्यात वास आला. जर्द्याचा. भैय्याजी गेल्यापासून त्या खोलीत कोणी जर्दा मळला नव्हता. त्यानं हळूच मान वळवली. फळ्यावर मोगरा नव्हताच. त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सीताफळ'. खडूची भुकटी अजून खाली पडत होती.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आजचा... आजचा शब्द सांगा."

"अबे, कवडू त रोज मोगराच म्हनते इथून..." पलीकडचा पुटपुटला आणि त्यानं फोन आपटला. बगीच्यातला पंपवाला होता मेला! त्याला ओलिताची घाई झाली होती, आणि कवडू अजून वरच होता. गुणवंतानं खटक्याकडे गेलेला हात मागे घेतला.

अर्ध्या तासानं पुन्हा फोन वाजला.

"भाऊजी, उतरलो. सीताफळ."

"तुले कोनं सांगितलं बे?"

"खांबाखालून हाक आली..." कवडू सांगू लागला. "भैय्याजींचीच. म्या वरतूनच हात जोडले. म्हने, गुणवंताले सांग, माह्यं अक्षर पुसून टाक, साळ्याले सांभाळ. मले रोज येनं होऊन नाही राहिलं."

गुणवंतानं लाईन चालू केली आणि मग ओक्साबोक्शी रडला. भीतीनं की मायेनं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी नवा शब्द लिहू लागला, आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात. संध्याकाळी फळा पुसून खडू कपाटात टाकायचा, कुलूप लावायचा आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधून घरी न्यायचा.

सकाळी दार उघडलं की खडू फळ्याच्या कडेवर ठेवलेला असतो. गुणवंता तो उचलतो. खडू कोमट लागतो.