मिटलेलं रिंगण

कंदिलाची वात जरा खाली करा. आणि ए, दाराकडे पाठ करून बसलायस तो, सरक इकडे. तू घाबरशील म्हणून नव्हे रे, आम्हाला दार दिसायला हवं म्हणून.

शहाद्याचे पन्नालालजी तुमच्यापैकी कोणी पाहिले नसतील. मारवाडी घर, बाजारपेठेत भरलेलं दुकान. थोरले भाऊ जेठमल गादीवर बसायचे आणि हे धाकटे रानोमाळ धोंडे बघत फिरायचे. गाव त्यांना धोंडेशेठ म्हणायचं, तोंडावरसुद्धा. ते हसून सोडून द्यायचे. फार जुन्या काळी, राजेरजवाड्यांच्याही आधी, माणसांनी मोठमोठे दगड गोल मांडले आणि आत आपले मेलेले पुरले. तशी रिंगणं शोधायची, मापायची, त्यांवर लिहायचं, यात त्यांनी वीस वर्षं घातली होती. आता त्यांचं पुस्तक मुंबईला छापायला गेलं होतं. एक फोटो तेवढा राहिला होता.

तर एकोणीसशे चौतीस सालच्या आश्विनात पन्नालालजी तो फोटो काढायला निघाले. बरोबर गाडीवान पितांबर, कॅमेऱ्याची पेटी आणि हुलासबाईंनी बांधून दिलेली पुरी-भाजी. ब्राह्मणपुरीच्या पुढे, सातपुड्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर, एका पडीक माळावर त्यांचं सगळ्यात लाडकं रिंगण होतं.

पन्नालालजींचं म्हणणं असं, की ही रिंगणं मिटलेली असतात. मेलेल्याला आत ठेवायचं आणि कडं बंद करायचं. पुण्याचे एक विद्वान म्हणत, छे, एक जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. या भांडणात दोघांचे केस पांढरे झाले. आणि या लाडक्या रिंगणात नेमकी एक जागा मोकळी होती! कोणी शेतकऱ्याने दगड नेऊन बांधाला लावला असेल, असं ते इतकी वर्षं स्वतःला समजावत आले होते. पण फोटोला कसं समजावणार?

वाटेच्या पलीकडे, पळसाखाली एक दगड उभा होता. कमरेइतका, न घडवलेला, रिंगणातल्या दगडांचा सख्खा भाऊ शोभेल असा. त्याला शेंदूर लावलेला, पायाशी मातीची पणती. तो कोणाचा, हे पन्नालालजींना ठाऊक होतं. सगळी लाज इथेच आहे, पोरांनो. दोन वर्षांपूर्वी डोंगरातला नवलसिंग बायकापोरं घेऊन कापूस वेचायला खाली आला होता, आणि त्याची तरणी पोर कोकिळा पटकीने इथेच वाटेत गेली. त्याने तिच्या नावाने दगड उभा केला, तेव्हा पन्नालालजी तिथे हजर होते. दगड कशासाठी, असं त्यांनीच विचारलं होतं. जुन्या रिंगणांचा काही धागा सापडतो का म्हणून.

नवलसिंग म्हणाला होता, "मरेल मानूस थकस, शेठ. त्याले बठाले काही पाहिजे ना?"

मेलेला माणूस थकतो, त्याला बसायला काही हवं, हे त्याचं वाक्य पन्नालालजींनी पुस्तकातसुद्धा घातलं होतं.

"पितांबर, फोटोपुरता उचलूत," ते म्हणाले. "मंग परत ठेवसूत."

"शेठ, त्याले शेंदूर शे."

"घासी टाक."

शेजारच्या शेतातली माणसं बोलावली, पहारी लावून दगड हलवला, रॉकेलच्या बोळ्याने शेंदूर काढला, माती चोळली. दगड मोकळ्या जागेत असा बसला की जणू जन्मला तिथेच. फोटो निघाला. मग ऊन उतरलं, माणसं घरी गेली, आणि परत ठेवायचं उद्यावर गेलं. उद्याचं परवावर. खरं सांगायचं तर, पुण्याचे विद्वान कधीही रिंगण बघायला येतील ही धास्ती होती. दगड तिथेच राहिला.

मार्गशीर्षात वेचणीची माणसं डोंगरातून उतरली. नवलसिंग थेट दुकानात आला.

"मन्ही पोरना दगड कोठे गया, शेठ? तुम्हीन त्या वाटवर फिरतस. देखा का?"

पन्नालालजींनी समोरचा कागद उलटला. "माले नही माहीत."

"तठे ती बठस, शेठ. आते पोर कोठे बठी? उभीच ऱ्हाई."

त्यांनी मान वर केलीच नाही. नवलसिंग निघून गेला.

त्याच दिवशी दिवेलागणीला हुलासबाई आत येऊन म्हणाल्या, "ओटावर कोन बाई शे ती? डोंगरनी दिखस. बठ म्हंतं ते बठत नही. पानी दिधं ते लेत नही. नुसती उभी शे."

पन्नालालजी बाहेर आले. ओट्यावर कोणी नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी हुलासबाईंना ती अंगणात दिसली. त्यांना वाटलं, नवऱ्याचे कुठे काही लागेबांधे आहेत. त्या रुसून माडीवर जाऊन निजल्या. आणि खरं काय ते सांगायची पन्नालालजींची छाती होईना. म्हणून ते खाली एकटेच निजले. मार्गशीर्ष वद्य दशमीची ती रात्र. बाराचे ठोके पडून गेले होते. त्यांनी कूस बदलली.

ती पलंगाच्या पायथ्याशी होती.

उभी.

ओरडली नाही, हात उगारला नाही. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला फक्त. दमलेली बाई घेते तसा.

पन्नालालजी उठले. पितांबरला हाक मारायची लाज वाटली, म्हणून बैल त्यांनी स्वतः जुंपले, कंदील घेतला, पहार टाकली. दशमीचा चंद्र अजून उगवायचा होता. वाटभर त्यांनी मागे पाहिलं नाही.

माळावर गाडी थांबली. बैल पुढे जाईनात. ते खाली उतरले. कंदील वर धरला...

प्रत्येक दगडावर कोणीतरी बसलं होतं.

गुडघ्यांवर हात. माना खाली. म्हातारे होते. बायका होत्या. वीस वर्षं ज्यांच्याबद्दल लिहिलं, ती सगळी माणसं. फक्त त्या एका दगडावर कोणी नव्हतं. त्याच्या शेजारी ती उभी होती. आपला पाट कोणी परक्यांच्या पंगतीत नेऊन मांडावा, तशी अवघडून.

"बाई..." पन्नालालजी म्हणाले, "मी चुकनू."

त्यांनी कंदील खाली ठेवला, हात जोडले.

"चुकनू, बाई..."

...

एकेक मान वर झाली. त्यांच्याकडे वळली.

त्यांनी पहार घातली. दगड हलेना. चौघांचं काम ते. पुन्हा रेटली. नाही. पुन्हा... आणि दगड हलका झाला. पलीकडून हात लागला होता. एक नव्हे. खूप. पन्नालालजींनी डोळे गच्च मिटून घेतले. दगड गाडीत टेकला तेव्हाही ते मिटलेलेच होते.

पळस काही लांब नाही. बैलांची वेसण धरून ते पुढे चालले. मागे चाकांची करकर. चाकांमागे पावलं. अनवाणी. ओढत टाकलेली. खड्डा तसाच होता. दगड उतरला. पावलं थांबली. मग अगदी कानाशी... एक सुस्कारा. दिवसभर कापूस वेचलेली बाई टेकताना सोडते तसा.

बस्स. एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, सुटले शेठ. कुठले सुटायला! मुंबईला कळवून तो फोटो काढून टाकायला हवा होता. फोटोखालचं, रिंगण मिटलेलं असल्याचं वाक्य खोडायला हवं होतं. पण मग पुण्याचे विद्वान जिंकले असते. दगड जागेवर गेला ना, मग फोटोने कोणाचं काय बिघडतं, अशी त्यांनी मनाची समजूत काढली आणि गप्प बसले.

होळीच्या आधी डोंगरातली माणसं परत निघाली. पुस्तकांचा गठ्ठा त्याच सकाळी आला होता. नवलसिंग दुकानात आला, हातात हरभऱ्याची पेंढी.

"दगड मिळी गया, शेठ. तुम्हीनच शोधा ना? माले माहीत व्हतं." पेंढी पुढे ठेवून तो पाया पडायला वाकला.

पन्नालालजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाय मागे ओढले. जेठमल बघत होते, गिऱ्हाइकं बघत होती. त्यांनी पुस्तक उचललं, फोटोचं पान काढलं आणि न बघताच नवलसिंगपुढे धरलं.

"पाय नको धरू. तो दगड मीच लई गयथू. शेंदूर मीच घासा. हाई देख, फोटोमा शे."

नवलसिंगने बराच वेळ पाहिलं. मग फोटोवर बोट टेकवलं.

"आठे काहीच नही, शेठ. जागा रिकामी शे."

पन्नालालजींनी पुस्तक आपल्याकडे वळवलं. दगड नव्हता. मुंबईहून तपासायला आलेल्या छाप्यात होता, त्यांनी भिंग लावून पाहिला होता. आता त्या प्रतीत नव्हता, दुसऱ्या प्रतीत नव्हता, गठ्ठ्यातल्या एकाही प्रतीत नव्हता. मोकळ्या जागेतून पलीकडचा माळ दिसत होता, आणि खाली त्यांच्याच शब्दांत छापलेलं होतं: हे रिंगण पूर्णपणे मिटलेलं आहे.

हरभऱ्याची पेंढी नवलसिंगने उचलली आणि परत घेऊन गेला.

पुढे पुण्याचे विद्वान हसले, मग सगळेच हसले. पन्नालालजींनी मरेपर्यंत हुलासबाईंशिवाय कोणाला खुलासा केला नाही. त्यांची एक प्रत या घरात आहे, आत फडताळात, दुसऱ्या फळीवर. ती जागा अजून मोकळीच आहे.

आत्ता नको रे. सकाळी बघा.