सायरन वाजलाच असणार

"माया पोरगा झोपला नव्हता," धनवंताबाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "मले एवढंच साबित करून पाह्यजे, रचनाताई. सारं गाव म्हणून राहिलं, दुर्गेश ड्युटीवर झोपला म्हणून बॉयलर फुटला, अन् मेला."

रचना मेश्राम गोंदियात खाजगी तपासाची कामं करी. तिचा सहकारी केवळराम, निवृत्त हवालदार, पाणी घेऊन आला. बाईंनी ग्लास हातात धरला, पण प्याल्या नाहीत.

तिरोडा रस्त्यावरच्या राईस मिलमध्ये मालक सेवकराम यांनी फुटलेला बॉयलर दाखवला. "पाणी कमी झालं की सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर सायरन वाजवतो."

"त्या दिवशी वाजला?"

"सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली होती. पण सेन्सर बंद पडला तरी सायरन वाजतो. ती चाचणी पास झालेली पाहूनच प्रोग्राम घेतला मी. सायरन वाजलाच असणार! पोरगा झोपला."

प्रोग्राम लोकेंद्रचा. तो धनवंताबाईंचा भाचा. दुर्गेशला त्यानंच या कामावर लावलं होतं. त्याचे डोळे सुजलेले होते.

"ऑफिसात बॉयलर कुठून आणायचा? म्हणून चाचणीसाठी खोटा सेन्सर लिहितो. मॉक म्हणतात त्याले. सांगू तो आकडा तो प्रोग्रामला देते. गप्प राह्य म्हटलं तं गप्प राह्यते."

"प्रोग्राममध्ये चूक असेल?"

"दिवाळीपासून त्यातली एक ओळ बदलली नाही, ताई. साऱ्या चाचण्या पास आहेत."

चाचण्या लिहिणारी सोनिका होळीला लोकेंद्रकडची नोकरी सोडून सालेकशाला माहेरी आली होती. ती म्हणाली, "गप्प सेन्सरची चाचणी मीच लिहिली. मी निघाले त्या दिवशीही ती नापासच होत होती. लोकेंद्रभाऊ म्हणाले, दुरुस्त करतो."

परतताना केवळराम म्हणाला, "म्हणजे त्यानं नंतर दुरुस्त केलं. मग सायरन वाजला असंल. पोरगा झोपलाच, मॅडम."



दुसऱ्या दिवशी दवनीवाड्याला, धनवंताबाईंच्या ओट्यावर, तिनं लोकेंद्रला समोर बसवलं.

"होळीला चाचणी नापास होती. आज पास आहे. आणि प्रोग्राम दिवाळीपासून तोच, हे तूच सांगितलंस."

"मंग पास कशी झाली?" केवळरामनं विचारलं.

"प्रोग्राम तोच, तर बदलण्यासारखं एकच उरलं. खोटा सेन्सर. त्यानं गप्प राहायचं होतं. त्याऐवजी तू 'पाणी कमी' असा आकडा त्याच्या तोंडी घातलास. सायरन वाजला, चाचणी पास! खरी वायर तुटली तेव्हा मात्र सेन्सर गप्पच झाला, आणि सायरनही." ती बाईंकडे वळली. "दुर्गेश झोपल्याचा पुरावा एकच होता, वाजलेला सायरन. तो वाजलाच नाही."

लोकेंद्रनं मान खाली घातली. "सेठ घाई करून राहिले होते, मामी. म्हटलं, दुरुस्ती मागून करीन. राहून गेली."

"तुले मालूम होतं," धनवंताबाई हळू म्हणाल्या. "तरी तेरवीपर्यंत माया बाजूले बसून काऊन रडला?"

"रडू खरंच येत होतं, मामी."

बाई उठल्या, आत गेल्या. दाराची कडी लागल्याचा आवाज आला. केवळराम लोकेंद्रला ठाण्यात न्यायला उभा राहिला, आणि मग तसाच त्याच्याशेजारी बसला.