आकृती ६.४ मधली तुळई

चित्रांत सूत्रं बसवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आई शेजाऱ्यांना ‘तो कॉम्प्युटरमध्ये असतो’ असं सांगते, जणू मला कोणी आत कोंडलंय.

काम सोपं आहे. आकृतीतल्या रेषा एका फाइलीत ठेवायच्या, अक्षरं दुसरीत. दुसऱ्या फाइलीत नुसते पत्ते असतात: इतके मिलिमीटर उजवीकडे, इतके वर, तिथे हे सूत्र. मग लेटेक नावाचा प्रोग्राम चालवला की तो दोन्ही एकमेकांवर ठेवतो आणि आकृतीतलं सूत्र पुस्तकातल्या सूत्रांच्याच वळणाचं उमटतं. रेषांना अक्षरं ठाऊक नसतात, अक्षरांना रेषा. सुखी संसार.

ताईचा प्रबंध काँक्रीटच्या तुळयांना जाणाऱ्या तड्यांवर होता. प्रयोगशाळेत तुळईसाठी आठ महिन्यांची रांग, म्हणून तिनं आमच्याच स्वयंपाकघरातली तुळई मोजायला घेतली. प्रबंधात लिहिलं, ‘एका निवासी इमारतीतील तुळई’. निवासी म्हणजे आई आणि मी. घर वरच्या मजल्यावर, तुळईच्या डोक्यावर गच्ची आणि पाण्याची टाकी. तडा गॅसच्या शेगडीच्या वर सुरू होऊन तिरका वर जात होता, अठरा सेंटीमीटर. वर्षभरात केसभरही हलला नव्हता. ताई त्याला नावं ठेवायची. आळशी तडा, पदवी कशी मिळणार.

प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या.

सोमवारी मी आकृती ६.४ बसवली. तुळई, खाली जमीन, बाजूला भिंती, सगळं विसाव्या हिश्श्याच्या मापात. तड्याच्या टोकाशी ‘ए’ हे अक्षर. मंगळवारी सकाळी उघडली तर ‘ए’ दोन मिलिमीटर पुढे, तड्याच्या रेषेच्याच दिशेनं. माझाच हात लागला असेल म्हणून जागेवर आणलं, फाइलीला कुलूप घातलं आणि पुन्हा चालवून पाहिलं. कुलूप शाबूत, अक्षर पुढे.

“टिंब्या, झोप नीट घेतोस ना?” ताई फोनवर म्हणाली. टिंबासाठी भांडतो म्हणून माझं हे नाव.

दोन मिलिमीटर गुणिले वीस म्हणजे चार सेंटीमीटर. संध्याकाळी ताई टेप घेऊन आली आणि खुर्चीवर चढली. बराच वेळ उतरली नाही.

“बावीस,” ती म्हणाली.

बुधवारी सकाळी अक्षर सव्वीसवर होतं. संध्याकाळी तडाही. ताईनं टाकी रिकामी करायला सांगितलं, तर त्यासाठी सगळ्या इमारतीच्या सह्या हव्या होत्या. इमारतीचा इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येणार होता.

“म्हणजे उद्या तीस. तीसनंतर काय?” मी विचारलं.

“तीसनंतर माझ्याकडे सूत्र नाही.”

आई शेगडीपाशी उभी होती. “तुम्ही वर बघत बसा, खाली दूध उतू जातंय. पडायचंच असतं तर ते तुमच्या भांडणांनीच पडलं असतं.”

“आई, दोन दिवस माझ्याकडे ये.”

“तुझ्या घरी पाणी तापवायलासुद्धा भांडं नाही. मी नाही येत.”

त्याच वेळी मी आकृती पुन्हा चालवली. तुळईच्या खाली, कोऱ्या जागेत, तीन नवी सूत्रं होती. एम-एक बरोबर चोपन्न. एम-दोन बरोबर एकसष्ट. एम-तीन बरोबर बहात्तर. मी ती लिहिली नव्हती. पत्त्यांच्या फाइलीत मात्र होती, तीन व्यवस्थित ओळी, माझ्याच पद्धतीनं मांडलेल्या.

ताई खांद्यावरून वाकली. “एकसष्ट कुणी सांगितलं तुला?”

“काय एकसष्ट?”

“माझं वजन, गाढवा. मी सगळीकडे सत्तावन्न लिहिते.”

माझं बहात्तर आहे. आईला आम्ही काट्यावर उभं करून पाहिलं. ती कुरकुरली, पण उभी राहिली. चोपन्न.

मी शास्त्रशुद्ध माणूस आहे. आईला म्हटलं, जरा टेबलाशी बस. आकृती चालवली. एम-एक शेगडीच्या जागेवरून टेबलाच्या जागी गेलं. म्हटलं, आता नळापाशी जा. एम-एक नळापाशी.

“मला काय पटावरची सोंगटी समजलात का रे?” आई म्हणाली आणि पुन्हा शेगडीपाशी गेली. एम-एकही गेलं. ‘ए’च्या बरोबर खाली.

मी एम-एकची ओळच काढून टाकली. पुढच्या खेपेला ती परत आली होती, चोपन्नसकट.

गुरुवारी सकाळी ‘ए’ तीसवर होतं. ताई गाडी घेऊन आली. आम्ही आईशी भांडायच्या तयारीनं स्वयंपाकघरात गेलो. ताईनं तर रडायचीही तयारी केली होती.

“चला,” आई म्हणाली.

तिनं गॅस बंद आहे का ते पाहिलं नाही. पर्स घेतली नाही. दार मी ओढून घेतलं. एरवी आई तीनदा ओढून बघते.

गाडीत ती मधे बघत बसली होती. मधे म्हणजे दोन सीटांच्या मधे. बाहेर नाही, आमच्याकडे नाही.

“इतक्या सहज आली,” ताई सिग्नलला हळूच म्हणाली. “बरं वाटत नाहीये का तिला?”

“अगं, ऐकलं शेवटी. नशीब समज.”

ताईच्या घरी आईला सोफ्यावर बसवलं. ताईनं चहा ठेवला. मी टेबलावर लॅपटॉप उघडला, केवळ खात्रीसाठी.

एम-दोन आणि एम-तीन आकृतीच्या चौकटीबाहेर, पानाच्या कोऱ्या समासात शेजारी शेजारी उभी होती.

एम-एक शेगडीपाशी होतं.

“जुनी फाइल असेल,” ताई म्हणाली.

मी पुन्हा चालवली. एम-एक नळापाशी गेलं.

पुन्हा. टेबलाशी. पुन्हा. शेगडीपाशी. सकाळी अकराला आई अशीच फिरते.

सोफ्यावर आई हात मांडीवर ठेवून बसली होती. चहाच्या कपावर साय धरली होती.

“आई,” ताईनं विचारलं, “काट्यावर उभी राहतेस का गं जरा?”

“नको.”

आवाज आईचाच होता. ताईनं आमच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. तिकडे कुणी उचलणार होतं तरी कोण?

तिनं गाडीची किल्ली उचलली. “मी जाऊन येते.”

“कशाला?” आई म्हणाली. “मी इथेच आहे की.”

ताई दारात थांबली, किल्ली हातात घेऊन. एकदा सोफ्याकडे बघितलं, एकदा लॅपटॉपच्या पडद्याकडे. घर वीस मिनिटांवर होतं.

“जा,” मी म्हणालो. “पळ.”

जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खाली खाली गेला. मी आकृती चालवली.

‘ए’ तुळईच्या वरच्या कडेला टेकलं होतं.

पुन्हा चालवली.

तुळईची रेषा होती तशीच सरळ. रेषांना काही ठाऊक नसतं. पण शेगडीपाशी एम-एक बरोबर चोपन्न हे सूत्र आडवं पडलं होतं, जमिनीच्या रेषेवर. मी पत्त्यांची फाइल उघडली. त्या ओळीत एक आकडा जास्तीचा आला होता. कोन, नव्वद अंश.

खाली ताईची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मागे सोफा किंचित करकरला.

“झालं?” तिनं विचारलं.