जहाजाच्या मागून

आम्ही तिघं त्या पहाटे सरोवरात निघालो ते एकाच माशासाठी. बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं थोरली. अकरा वर्षांत ती दोनदा त्यांच्या गळाला लागली होती, आणि दोन्ही वेळा बोटीच्या काठापर्यंत येऊन, एका बाजूने फाटलेली शेपटी दाखवून परत खोल गेली होती. बाबांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. आता त्यांच्या उजव्या हाताची बोटं थरथरायची, चहा घेताना बशी वाजायची. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, पुढच्या हंगामात या हाताने रीळ फिरणार नाही. आणि या हंगामाचे तीनच दिवस उरले होते.

दादा बस चालवतो, त्याने रजा टाकली. मला रजा देणारं कोणी नव्हतं. माझं बाळ सात महिन्यांचं. नवरा म्हणाला, "जा तू. दुपारी दोनपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना सांभाळतो." कोण कोणाला सांभाळणार, ते काही त्याने सांगितलं नाही.

धक्का सुटताच बाबांनी बोटीवरचा वायरलेस बंद केला. हा त्यांचा जुना नेम. चालू ठेवला की कोणीतरी विचारणारच, कुठे आहात, काय लागतंय. "खोटं बोलायला नको आणि खरं सांगायलाही नको," ते म्हणायचे. त्यांची जागा आम्हा दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

"अहो बाबा, हवामान तरी ऐकू द्या," दादा म्हणाला.

"हवामान डोळ्यांना दिसतं."

तासाभरात डोळ्यांना काहीच दिसेनासं झालं. धुकं पाण्यावरून सरपटत आलं आणि आमच्यावर झाकण घातल्यासारखं बसलं. दुसरा काठ तर या सरोवराला तसाही दिसत नाही. आता बोटीचं पुढचं टोकही पुसट झालं. होकायंत्र आणि घड्याळ पाहत बाबांनी दादाला वळणं सांगितली, आणि दोन तासांनी, ना खूण ना खुंटा अशा राखाडी पाण्यावर ते म्हणाले, "इथे."

खाली पाण्यात बुडालेली एक टेकडी होती. तिच्या कड्यापर्यंत आमिष उतरवायचं तर नुसती दोरी पुरत नाही. बोटीच्या मागच्या बाजूला खांबावर एक चरखी असते. तिच्यावर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला शिशाचा जड गोळा. गळाची दोरी त्या गोळ्याला चिमट्याने अडकवून खाली न्यायची. मासा लागला की चिमटा सुटतो आणि गोळा लगोलग वर ओढून घ्यायचा असतो. ते काम माझं.

दहा वाजले, साडेदहा झाले. माझा ऊर दाटून दुखायला लागला. या वेळी घरी बाळाला पाजायचं असतं. मी कोट घट्ट ओढून घेतला.

आणि काठी वाकली.

आधी हळू, मग एकदम पाण्यापर्यंत. बाबांनी ती खोबणीतून उपसली, कमरेच्या पट्ट्यात रोवली, आणि रीळ सूंऽऽ करत सुटलं.

"तीच," ते म्हणाले. इतक्या हळू, की जणू ती ऐकेल.

मी चरखी फिरवायला घेतली. निम्मी तार वर आली असेल, तेवढ्यात बाबा म्हणाले, "ठके, ते राहू दे. जाळी घे, हाताशी ठेव." मी चरखी सोडली. शिशाचा गोळा तसाच खाली लोंबत राहिला.

धुक्यातून भोंगा आला. एक लांब, दोन आखूड. पुन्हा तसाच.

"मालवाहू असेल," बाबा म्हणाले. "लांब आहे."

ते लांब नव्हतं. धुकं विरलं आणि डाव्या हाताला एक पांढरं जहाज दिसलं. अगदी संथ, माणूस झपझप चालेल एवढाच त्याचा वेग. डोलकाठीवर एकाखाली एक तीन काळ्या आकृत्या टांगलेल्या: गोळा, चौकोन, गोळा. दादाला बसच्या सगळ्या पाट्या पाठ आहेत, या नव्हत्या. थोरली नेमकी त्या जहाजाच्या पलीकडे धावत होती. दोरी संपत आली होती.

"मागून घे," बाबा म्हणाले. "जहाजाच्या मागून जायला कधी भीती नसते."

इतर जहाजांबाबत ते खरं आहे. दादाने वळवलं. जहाजाच्या बऱ्याच मागून आम्ही आडवे निघालो. डेकवर नारिंगी कपड्यातली माणसं धावताना दिसली, हात हलवताना दिसली. दादानेही हात हलवला.

तेवढ्यात चरखी किंचाळली!

तार भराभरा सुटत होती. मी टाचेने चरखीचा ब्रेक दाबला, थांबेना. आमचा गोळा पाण्याखाली कशात तरी अडकला होता. तार संपली. बोटीला असा हिसका बसला की मी गुडघ्यांवर आपटले. बोट गर्रकन फिरली आणि उलटी, मागच्या बाजूने, जहाजाच्या दिशेने ओढली जाऊ लागली.

जहाजावरचा कर्णा आता स्पष्ट ऐकू आला. "मागे जाळं आहे! आमच्या मागे जाळं आहे! तासभर वायरलेसवर सांगतोय!"

ते मासळीच्या पाहणीचं जहाज होतं. डोलकाठीवरच्या त्या तीन आकृत्या हेच सांगत होत्या, आम्हाला वळता येत नाही, लांब राहा. त्याच्या मागे दोन पोलादी दोर पाण्यात तिरपे उतरले होते, आणि त्यांच्या शेवटी तळाशी भलंमोठं जाळं. त्यातल्या एका दोराला आम्ही लोंबकळत होतो. बोटीचं मागचं टोक बुटकं असतं. पहिली लाट आत आली. दुसरी इंजिनावर फुटली आणि इंजिन गचकलं. दादा बादलीने पाणी उपसू लागला. बर्फासारखं पाणी नडग्यांपर्यंत आलं.

कप्तानाला आम्ही दिसलो होतो. त्याने जहाज थांबवलं, आणि त्यामुळे अधिकच बिघडलं. ओढ थांबताच ते जड दोर तळाकडे बसू लागले, आणि आमची तार आता सरळ खाली खेचू लागली. मागचं टोक पाण्याच्या रेषेला टेकलं.

"तार काप!" दादा ओरडला.

पक्कड बाकाखालच्या पेटीत, पेटी पाण्यात. मी चाचपून ती काढली, तारेला लावली आणि दोन्ही हातांनी दाबली. पीळदार पोलाद, ओरखडासुद्धा उठला नाही. दादाने बादली सोडली असती तर आम्ही आधी बुडालो असतो. मी पुन्हा दाबलं. माझ्या मनात बाळाशिवाय काही नव्हतं. त्याचं तोंडही नाही, फक्त त्याच्या टाळूचा वास.

"बाबा, मला होत नाही."

बाबा माझ्या शेजारीच बसले होते. दोन्ही हात काठीवर. काठी जिवंत होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची अकरा वर्षं धडका देत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्ट्यातून काठी उपसली आणि हात उघडले. ती काठावरून घसरत गेली आणि पाण्याने गिळली.

त्यांचे थरथरणारे हात माझ्या हातांवर आले. "मी सांगतो तेव्हा. घाई नको. एकदम." घड्याळाची कमान बसवताना ते असंच बोलायचे. "आता."

कट्.

तार माझ्या कानाजवळून सपकन गेली. मागचं टोक पाण्यातून उसळून वर आलं, आणि आम्ही तिघं एकमेकांवर कोसळलो. बराच वेळ कोणी उठलं नाही.

जहाजाच्या होडीने आम्हाला जहाजावर आणलं, बोट मागे बांधली. कप्तान दादाला नको नको ते बोलला, आणि दादाने मान खाली घालून ऐकून घेतलं. पाहणीची प्रमुख एक बाई होती, माझ्याहून थोडी मोठी. तिने माझ्या भिजलेल्या कोटाकडे पाहिलं, काही न विचारता टॉवेल दिला आणि आतल्या खोलीत नेऊन बाहेरून दार ओढून घेतलं. मी हलकी होऊन बाहेर आले तेव्हा जाळं वर आलं होतं.

ढिगातून ती एकेक मासा वेचत होती. मध्येच थांबली. बोटभर लांबीचे, अंगावर फिकट ठिपके असलेले नऊ मासे तिने पाण्याच्या टबात सोडले.

"ही थोरलीच्या जातीची पिल्लं," बाबा म्हणाले.

"सहा वर्षांत एक दिसलं नव्हतं, काका. आम्ही धरून चाललो होतो, फक्त म्हातारे उरलेत." ती टबापाशीच उकिडवी बसली. "तुम्हाला मासा लागला होता का?"

"लागला होता. मोठी होती." बाबांनी टबाकडे पाहिलं. "गळ तिच्या तोंडात राहिला. किती दिवस छळेल?"

"साधा लोखंडी?"

"लोखंडी. उलटा काटा मी घासून टाकलेला."

"मग गंजून पडेल. काही आठवड्यांत." तिने आतून नकाशा आणून टेबलावर पसरला. "कुठे लागली, विचारायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. पण विचारते. अंडी कुठे घालतात ते आम्हाला माहीत नाही. आणि खरं सांगते, काका, तुम्ही सांगितलंत तर ती जागा गळवाल्यांना बंद होईल. तुम्हालाही."

दादा सरोवराकडे बघत राहिला. मीही.

"मला तशीही बंदच आहे," बाबा म्हणाले. मग मान हलवली. "नाही, ते कारण नको. चांगला हात असता तरी सांगितलं असतं का, कोण जाणे. सांगितलं असतं असं धरू."

त्यांनी नकाशावर बोट टेकवलं. ते एका जागी ठरेना. मी त्यांचं मनगट धरलं. बाईने पेन्सिल नेऊन टेकवली.

"थोडं वर," बाबा म्हणाले. "अजून केसभर. हां, तिथे."